वायर लावण्याआधीचा प्रश्न

"गाडीला काही केलंय का?"

हा प्रश्न ती दिवसभरात इतक्यांदा विचारायची की एखाद्या दिवशी घरी आलेल्या पाहुण्यालाही पाण्याचा पेला देण्याआधी हेच विचारेल, अशी तिच्या नवऱ्याला धास्ती होती. गाड्यांच्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये वॉरंटीचं टेबल तिच्याकडे होतं. काचेची खोली, खोलीत टेबल, टेबलावर स्कॅनर आणि त्याच्याभोवती गुंडाळून ठेवलेली काळी वायर. वर्कशॉपमधली माणसं तिला तोंडावर मॅडम म्हणायची आणि पाठ वळली की फौजदार. तिला दोन्ही माहीत होतं, आणि मनातून दुसरंच जास्त आवडायचं.

तिच्या टेबलापर्यंत पोचणाऱ्या बहुतेक गाड्या टर्बोच्या. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो आणि छोटं इंजिन मोठ्याच्या तोऱ्यात पळतं. किती हवा कोंबायची, किती इंधन सोडायचं हे गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो, आणि कंपनी तिथे हात जरा राखूनच ठेवते. हा राखून ठेवलेला जोर लोकांना बघवत नाही. मग ते एखाद्या मॅपवाल्याला गाठतात. मॅपवाला लॅपटॉप जोडतो, कंपनीचा प्रोग्राम, म्हणजे मॅप, पुसतो, आपला भरतो, आणि गाडी पाय लावायच्या आत उधळायला लागते. सगळे खूश. पुढे कधीतरी टर्बो नाहीतर क्लच मान टाकतो, आणि मग तेच सगळे गाडी ओढत तिच्या दारात.

आणि दारात आल्यावर सगळ्यांचं एकच पालुपद. काही केलं नाही हो मॅडम. एकाच्या गाडीचा सायलेन्सर बादलीएवढा होता, गाडी सुरू केली की पलीकडच्या दवाखान्यातली बाळं रडायला लागायची. तो म्हणाला, शोरूममधून अशीच आली. दुसऱ्याने मॅपवाल्याचं स्टिकर मागच्या काचेवर तसंच ठेवलं होतं आणि ते आधीच्या मालकाचं आहे असं सांगितलं. गाडी त्याने नवी घेतली होती. अशा वेळी तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

खोट्याचा तिला इतका राग आलाही नसता. राग यायचा तो त्या खोट्याची गरजच नव्हती म्हणून. पूर्वी गाडीत बदल सापडला की वॉरंटी सरसकट बाद व्हायची. हा अन्याय आहे, असं या बाईनेच मुख्य कचेरीला कळवलं होतं. नुसतं कळवून थांबली नाही. मीटिंगांमध्ये भांडली, तिथल्या साहेबांच्या डोक्यावर मिरे वाटले, आणि शेवटी नियम बदलून घेतला. मालकाने वायर लावण्याआधी स्वतःहून सांगितलं, तर कंपनीचा इंजिनियर मोडलेला भाग वेगळा तपासणार. बदलामुळे जे मोडलं ते मालकाच्या माथी, बाकीचं कंपनीच्या. पण न सांगता वायरीला सापडलं, तर इंजिन, टर्बो, गिअरबॉक्स, सगळ्यावर कायमची फुली. स्कॅनर गाडीला जोडला की त्याला जे दिसतं ते त्याच क्षणी मुख्य कचेरीत पोचतं. ते पुसायची सोय कोणाकडेच नाही, तिच्याकडेही नाही.

म्हणून ती प्रश्न विचारायची, पेन खाली ठेवायची आणि पुढे म्हणायची, "आत्ता सांगा. वायर लागली की माझ्या हातात काही राहत नाही." यापेक्षा सोपं करून कोण सांगणार? तरी माणसं तिच्याकडे बघायची, खुर्चीत सरसावून बसायची आणि नाही म्हणायची. तिने अगदी हात टेकले होते.

क्वचित कोणी खरं सांगायचा. त्याला नियमाप्रमाणे सगळं मिळायचं, पण त्याआधी त्याची हजेरी घेतली जायची. अक्कल कुठे ठेवली होती इथपासून ते तुमच्यासारख्यांमुळे रस्त्यावर चालायची सोय राहिली नाही इथपर्यंत, काचेबाहेर बसलेल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात. हे बोलणं तिच्या लेखी फुकटात दिलेला सल्ला होता. ऐकणाऱ्याला काय वाटतं, हा विचार तिच्या मनाला कधी शिवला नाही.

ही खोड तिची लहानपणापासूनची. आई एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात पाळ्यांनी काम करायची आणि दहा वर्षांनी धाकटा भाऊ हिच्या ताब्यात असायचा. घरात काही फुटलं की ही आरडाओरडा करत नसे. तुकडे गोळा करून जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडायची आणि विचारायची, "हे कोणी केलं?" घरात माणसं दोनच. तरी विचारायची, आणि भाऊ कबूल करेपर्यंत समोर बसून राहायची. आईला कौतुक वाटायचं. पोरीच्या नजरेतून काही सुटत नाही, असं ती धुलाईखान्यात सगळ्यांना सांगायची.

त्या भावाला घरात टिल्लू म्हणत. आता तो दारातून आत येताना वाकायचा इतका उंच झाला होता, पण नाव काही त्याच्याबरोबर वाढलं नाही. दातांच्या डॉक्टरांकडे ती वरखाली होणारी खुर्ची असते ना, ती दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. गावोगावच्या दवाखान्यांत जायचं, खुर्ची अडकली असेल तर पंप बदलायचा, वळत नसेल तर मोटर. गाडीची डिकी मोटरी, पंप आणि नळ्यांनी कायम भरलेली. गाडी हेच त्याचं दुकान, तीच बंद पडली तर धंदाही बंद.

त्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. "टिल्लूची गाडी बंद पडलीय. तुझ्याकडेच आणतोय. रागावू नकोस हं त्याच्यावर."

"गाडी बंद पडली तर मी कशाला रागावू?" ती म्हणाली, आणि फोन ठेवला. आई उगाच काहीतरी बोलते, असं तिला वाटलं.

फोन ठेवला तेव्हा समोर चष्मा लावलेले एक वयस्क गृहस्थ बसले होते. त्यांनी प्रश्न पुरा व्हायच्या आत सांगून टाकलं होतं की गाडीचा मॅप बदललाय, क्लच जळलाय, आणि चूक त्यांचीच आहे. इतका सरळ माणूस फार दिवसांत आला नव्हता. तिने त्यांचं सगळं नीट नोंदवलं आणि मग सुरू केलं. या वयात हे थेर कशासाठी? शर्यतीत उतरायचंय का? घरात कोणी विचारणारं नाही वाटतं? गृहस्थ चष्मा काढून पुसत राहिले. पुसून झाला तरी पुसत राहिले. तिचा पट्टा चालूच होता, आणि काचेबाहेरच्या बाकांवरची सगळी माणसं मोबाइलमध्ये डोकं घालून ऐकत होती. ओढून आणलेली गाडी अंगणात उतरवून टिल्लू केव्हा त्या बाकावर येऊन बसला, हे तिने पाहिलंच नाही.

गृहस्थ बाहेर गेल्यावर हेडमेकॅनिक दारात आला. त्याला सगळे उस्ताद म्हणत. "मॅडम, तुमच्या भावाची गाडी आलीय. निळा धूर टाकतेय, टर्बो गेलाय. घरची गाडी आहे, मी घेऊ का? वायर मीच लावतो."

"का? घरची आहे म्हणून?" तिने भुवई उंचावली. "माझ्या भावाच्या गाडीत काय सापडणार आहे? मीच घेते. उद्या कोणी म्हणायला नको की फौजदाराने घरच्यांना सूट दिली."

उस्ताद खाली बघून हसला आणि बाजूला झाला. टिल्लू आत येऊन खुर्चीत बसला. चेहरा उतरलेला होता, पण धंदा ठप्प झालेल्या माणसाचा चेहरा आणखी कसा असणार?

"जेवलास का?" तिने विचारलं.

"हो."

"घाबरू नकोस. या गाड्यांचा टर्बो जातोय सध्या. त्याला तेल नेणारा पाइप आहे ना, तो आतून तुंबतो. कंपनीचाच दोष आहे. पाइप तुंबलेला निघाला तर नवा टर्बो मिळेल." मग तिने पेन खाली ठेवलं. "नियम म्हणून विचारते. गाडीला काही केलंय का?"

टिल्लूने काचेबाहेर पाहिलं. चष्मा लावलेले गृहस्थ अजून बाकावर होते, आणि त्यांच्या शेजारी त्यांची मोठी मुलगी बसली होती. दोघंही जमिनीकडे बघत होती.

"नाही," टिल्लू म्हणाला.

"आत्ता सांग. वायर लागली की माझ्या हातात काही राहत नाही."

"नाही गं ताई. काही नाही केलं."

तो खुर्चीत सरसावून बसला. रोज माणसं पारखणाऱ्या बाईला हे दिसायला हवं होतं. पण आपल्या माणसाकडे कोण असं बघतं? तिने स्कॅनर उचलला, अंगणातल्या गाडीत शिरली आणि स्टिअरिंगखाली वायर खोचली.

पडद्यावर आकडे आले. प्रोग्राम कंपनीचाच होता, अगदी मूळचा, स्वच्छ. पण कॉम्प्युटर आपल्यावर कितीदा लिहिलं गेलं तेही मोजत असतो, आणि ते मोजमाप कारखान्यातून निघालेल्या गाडीपेक्षा दोनने जास्त होतं. एकदा नवा मॅप भरताना, एकदा तो पुसून जुना परत टाकताना. शेवटचं लिखाण याच आठवड्यातलं. कोपऱ्यात हिरवी खूण उमटली: नोंद पोचली.

ती गाडीत तशीच बसून राहिली. मग लक्षात आलं. मागे एकदा घरी जेवताना तिनेच बढाई मारली होती, की वायर लावली की कोणाचा प्रोग्राम आहे ते लख्ख दिसतं. मोजमापाचं बोलली नव्हती. तेवढंच अर्धवट ऐकून या शहाण्याने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता.

ती बाहेर आली ती फणकारतच. टिल्लू डिकी उघडून उभा होता.

"कधी केलंस?"

त्याने कशाबद्दल म्हणून विचारलंही नाही. "झाले काही महिने. डिकी भरलेली असली की चढावर गाडी रडायची ताई. मागे गाड्यांची रांग लागायची, लोक शिव्या घालायचे. मॅपवाला म्हणाला, थोडासाच जोर वाढवू."

"आणि मला सांगायला काय झालं होतं? तोंडात बोळा कोंबला होता? आईला माहीत होतं ना? म्हणून सकाळी फोन?"

"आईला माहीत होतं. घरी बायकोला माहीत होतं."

"म्हणजे सगळ्या जगाला माहीत आणि फक्त मी मूर्ख. अरे, दोनदा विचारलं मी तुला. तुझ्यासारख्यांसाठीच हा नियम करून घेतला. त्यासाठी माणसं अंगावर घेतली. एक हो म्हणायचं होतं तुला, टिल्लू. एक शब्द."

"म्हणणार होतो," तो म्हणाला. "धूर यायला लागल्यावर मॅप पुसून घेतला, तरी झोप लागेना, म्हणून ठरवलं की तुला सरळ सांगून टाकायचं. ते सांगायलाच आलो होतो. बाहेर बाकावर बसलो होतो. त्या चष्म्यावाल्यांचं सगळं ऐकलं."

"मग? त्यांना मिळतंय की. उद्या इंजिनियर येईल, बघेल."

"मिळत असेल. पण ते बाहेर आले तेव्हा त्यांच्याकडे बघवत नव्हतं. त्यांची मुलगी माझ्या शेजारी होती. तिने सगळं ऐकलं आणि ऐकलंच नाही असं दाखवत बसली." टिल्लूने डिकीतली नळी उगाच गुंडाळली. "तू विचारतेस कुठे, ताई? तू पकडतेस. लहानपणी पण तसंच. खरं बोललो तरी तेवढंच ऐकून घ्यायचं, मग खोटं बोलून निदान सुटायची आशा तरी."

तिकडे उस्तादने एव्हाना बॉनेट उघडून तेलाचा पाइप सोडवला होता.  काळाठिक्कर पडलेला तो पाइप हातात घेऊन तो आला. पाइपच्या तोंडात सुईसुद्धा जाणार नाही इतकी काजळी घट्ट बसली होती.

"तोच आजार, मॅडम," उस्ताद म्हणाला. "मॅप असता नसता, हा पाइप तुंबणारच होता. मागच्या महिन्यात त्या म्हाताऱ्या बाईंची गाडी आली होती बघा, बाजारापलीकडे कधी गेली नव्हती. तिचाही असाच. हा टर्बो मिळालाच असता यांना."

मिळालाच असता. या दोन शब्दांनी तिच्या अंगाचा तिळपापड झाला. कोणावर ओरडावं ते कळेना. टिल्लूवर ओरडून झालं होतं, मॅपवाला समोर नव्हता, आणि पाइपवर ओरडून काही उपयोग नसतो. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मुख्य कचेरीतला इंजिनियर होता, नोंद त्याच्यासमोर आली होती.

"मॅडम, ही जी गाडी आत्ता जोडलीत, तिच्यावर दोन जास्तीची लिखाणं दिसतायत. तक्रार टर्बोची. पाइप बघितलात?"

"बघितला. जुन्या नमुन्याचा आहे. पूर्ण तुंबलाय."

"मग प्रश्नच नाही. तो आमचाच दोष. फक्त मालकाने आधी सांगितल्याची तुमची नोंद रिकामी आहे. राहून गेली असेल घाईत. सांगितलं होतं ना त्याने?"

तो इतक्या सहज विचारत होता की त्याने जणू उत्तर आधीच लिहून ठेवलं होतं. दुसऱ्या कोणाकडे त्याने पुरावा मागितला असता. हिच्या शब्दावर तिथे कोणी कधी शंका घेतली नव्हती. हो म्हटलं की काम झालं. टिल्लू परवापासून पुन्हा दवाखान्यांत खुर्च्या उघडून बसला असता. तो शब्द तिच्या जिभेवर आला, अगदी ओठांपर्यंत आला. आणि तिला आपल्या टेबलासमोर बसून गेलेली सगळी माणसं एकदम समजली. लबाड म्हणून नाही, घाबरलेली म्हणून. ती आता त्यांच्याच खुर्चीत होती, आणि उभ्या जागीच सरसावली होती.

टिल्लू तिच्याकडेच बघत होता.

"त्याला सांगायचं होतं," ती म्हणाली. "मी सांगू दिलं नाही."

"म्हणजे? सांगितलं की नाही सांगितलं? मला यातलं एकच भरता येतं, मॅडम."

"नाही," ती म्हणाली. "नाही सांगितलं."

 मग तो म्हणाला की वाईट वाटलं, नियमाप्रमाणे फुली मारावी लागेल. तिने बरं म्हटलं. तिनेच भांडून आणलेला नियम, त्याला दुसरं काय म्हणणार? तरी तिला इतका संताप आला होता की फोन तिने खिशात कोंबला. उस्ताद पाइप घेऊन आल्या वाटेने निघून गेला.

"गेलं ना?" टिल्लूने विचारलं.

"गेलं."

"हो म्हणाली असतीस तर?"

"तर मिळालं असतं."

त्याने मान हलवली. रागावला नाही, हेच तिला सहन होईना. ओरडला असता तर तिलाही ओरडता आलं असतं. तो डिकीतून मोटरी काढून खाली मांडू लागला. भाड्याची गाडी बोलावली होती, दुपारी एका दवाखान्यात पोचायचंच होतं, खुर्ची अर्ध्यावर अडकली होती आणि डॉक्टर वाट बघत होते. तीही खाली बसली आणि नळ्या, पंप एकेक करून त्याच्या खोक्यात रचायला लागली. तिने एक पंप उलटा ठेवला, त्याने काही न बोलता सुलटा केला.

 पुढे कसं करणार, हे तिला विचारायचं होतं, पण ते विचारणंही चौकशीसारखं वाटलं असतं. काहीतरी विचारावं, आणि ज्यातून कोणालाच काही पकडता येणार नाही असं विचारावं, असं तिच्या मनात आलं. तसा प्रश्न शोधायला तिला फार वेळ लागला.

"चढावर बरी चालायची का रे मग?" ती म्हणाली. "मॅप बदलल्यावर?"

टिल्लूने तिच्याकडे संशयाने पाहिलं. तिच्या तोंडावर काही दिसलं नाही, तेव्हा तो हळूहळू बोलायला लागला. वाटेतल्या एका मोठ्या चढाला आधी कसं दुसऱ्या गिअरवर यावं लागायचं, पहिल्यांदा तिसऱ्यावरच वर गेला तेव्हा कसा एकटाच मोठ्याने हसला होता, डिकीतल्या मोटरींचं वजनच जाणवलं नाही, आणि वर पोचल्यावर उगाच गाडी थांबवून खाली उतरून कसा तिच्याभोवती फिरला होता. बोलता बोलता त्याचे हात चालू लागले, चेहरा उजळला. ती सगळी हकिगत त्याने वायर लावण्याआधी सांगितली असती तर टर्बो मिळाला असता. आता तिचा काडीचा उपयोग नव्हता.

तिसऱ्या गिअरवर चढ चढवल्याने क्लचचं काय होतं, हे तिच्या तोंडाशी आलं होतं. ते तिने गिळलं. भाड्याची गाडी फाटकातून आत वळली तरी त्याचं संपलं नव्हतं, आणि ती खोक्याचं दुसरं टोक धरून ऐकत उभी होती.